शांताराम गुरवाची वही

शांताराम गुरवाचं नाक हे आमच्या गावातलं एकच खातं, जे वेळेवर चालायचं. दोन डोंगर पलीकडे हर्ण्याला बोंबील वाळत घातले, की हा आमच्या सड्यावर, गावावरच्या उघड्या कातळावर, उभा राहून सांगायचा, "आज मीठ कमी पडलंय." कुणाच्या अढीत कुठल्या थरातला आंबा डागी आहे हे तो दारातूनच ओळखायचा. माझ्या लग्नात त्याने मांडवाबाहेरून आचाऱ्याला ओरडून सांगितलं होतं, की बासुंदी लागतेय, ढवळा. आचारी तेव्हा चूल पेटवत होता असं काही लोक म्हणतात, पण ते माझे वैरी.

उंच, काळाभोर, पाठीतून जरा वाकलेला माणूस. हात इतके लांब, की देवळाच्या उंबऱ्याबाहेर उभा राहून तो गाभाऱ्यातल्या समईची वात सारखी करायचा, असं मी पाहुण्यांना सांगत असे. पाहुणे हसायचे. गाववाले हसायचे नाहीत. त्यांना त्यात हसण्यासारखं काय आहे तेच कळायचं नाही.

गुरव म्हणजे आमच्याकडे ग्रामदेवाचा पुजारी. सकाळची पूजा, दुपारचा नैवेद्य ही त्याची कामं. पण खरं मोठं काम कौल लावण्याचं. गावात कुणाचं काही अडलं, मुलीचं स्थळ, विहिरीची जागा, भावाभावांतला बांध, की मंडळी देवळात जमतात. गुरव देवाच्या छातीवर उजवीकडे एक आणि डावीकडे एक अशा पाण्यात भिजवलेल्या पाकळ्या चिकटवतो. मग गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारायचा. उजवी पाकळी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही. आता, कमी भिजवलेली पाकळी आधी पडते ही विद्या पंचक्रोशीतल्या प्रत्येक गुरवाला ठाऊक असते. शांतारामलाही होती. एकदा एकाने त्याच्या परसात गुपचूप कोंबडा आणून बांधला. शांतारामने तो काखेत घेऊन भर दुपारी गावातून मिरवत परत नेला, आणि दर घरापुढे थांबून म्हणाला, "ह्यो माजा न्हाय हां. चुकून आलाय." कोंबडाही लाजेने पुढे सहा महिने आरवला नाही.

"मी चिकटवतो. पाडतो तो," एवढंच त्याचं तत्त्वज्ञान. गुरवाचा हात स्वच्छ आहे हा गावाचा विश्वास, आणि त्या विश्वासावर तो जगत होता. जमिनीवर नव्हे; जमीन त्याच्याकडे माझ्या बागेला लागून, गडग्याच्या पश्चिमेला, हापूसची तीसएक कलमं एवढीच होती. गडगा म्हणजे जांभ्या दगडांची नुसती रचलेली भिंत. माणसाच्या कमरेएवढी, आणि बकऱ्यांच्या मते नसल्यासारखी.

तो मला अहो-जाहो करायचा, मी त्याला अरे-तुरे. तो माझ्याहून बारा वर्षांनी मोठा होता. आजोबांची खोतकी कधीच बुडाली होती, पण तिचा तेवढा एक अवशेष मी निगुतीने जपला होता.

तर ऐंशीच्या दशकातली ती मधली वर्षं. मुंबईच्या एका निर्यातदाराने आमच्या गावात पाऊल टाकलं आणि सांगितलं, की परदेशात एक कंपनी आहे, तिला हापूसचा रस हवाय. पण ज्या झाडाने औषध आणि रासायनिक खत तोंडात घेतलेलं नाही अशाच झाडाचा. भाव चढा. आपल्या देशात तेव्हा असला कायदा नव्हता, कार्यालय नव्हतं. नियम तिकडचे. इंग्रजीतली जाडजूड चोपडी आली. गावात इंग्रजी येणारा मी एकटा, म्हणजे मी बीएला दोनदा बसलो होतो. त्यामुळे उत्पादक मंडळाचा चिटणीस मी, आणि चोपडीचं मराठी करणाराही मीच.

देवळात सभा भरली. मी वाचलं : तीन वर्षं झाडाला औषध नाही, रासायनिक खत नाही. तीन वर्षं पुरी झाली की साहेब येऊन तपासणार आणि दाखला देणार. औषध मारणाऱ्या शेजाऱ्याच्या आणि आपल्या झाडांच्या मधे मोकळा पट्टा. प्रत्येकाने आपल्या बागेची वही ठेवायची, रोजचं रोज लिहायचं. आणि जो कुणी फवारील तो बाद. पुन्हा पहिल्यापासून तीन वर्षं.

"डुकरावर बार काढला तर?" मागून कुणी विचारलं. "बंदुकीची दारू रसायन असतंय."

"डुकराला लागली तर डुक्कर बाद, झाडाला लागली तर झाड बाद," मी ठणकावलं. हे चोपडीत नव्हतं.

शांताराम खांबाला टेकून बसला होता. सगळे उठून गेले तरी बसूनच. म्हणाला, "भाऊ, वहीचं परत वाचा."

मी वाचलं. प्रत्येकाने आपापल्या बागेत जे झालं ते स्वतःच्या वहीत लिहायचं.

"दुसऱ्याच्या बागेतलं?"

"ते दुसरा लिहील."

"बराबर हाय," तो म्हणाला. "कौलासारखंच हाय. आपला हात आपल्यापुरता."

लोकांनी ती चोपडी भावासाठी मानली. शांतारामने ती तशीच मानली, मानायची म्हणून. मंडळाने त्याला गावची देखरेख दिली, म्हणजे वह्या भरल्या जातात की नाही हे पाहायचं, आणि गावावर संकट कोसळलं. पट्टा मोजायचा होता बारा हात. शांताराम स्वतःच्या हाताने मोजू लागला. त्या हाताने बारा हात म्हणजे एकाचा पट्टा सुरू झाला आपल्या बागेत आणि संपला शेजारच्या गावच्या शाळेत. शेवटी मी टेलरकडची पट्टी आणली तेव्हा गाव पुन्हा आपल्या जागेवर आलं.

त्याची स्वतःची वही म्हणजे चित्रगुप्ताने शिकवणीला यावं अशी. चौथी शिकलेला माणूस. अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं, पण रांग मोडायची नाही. पहिल्याच पावसाळ्यात त्यात नोंद : "बायकोने कपडे धुतल्याले साबणाचे पाणी परसाकडच्या कलमास घातले. एक कलम वेगळे धरावे." त्याची बायको आमच्या हिच्याकडे येऊन रडली, की माझं नाव परदेशात पाठवतायत. मी शांतारामला म्हटलं, अरे, साबणाचं पाणी कोण विचारतंय? तो म्हणाला, "इचारनार कोन नाय म्हणून तं लिवायचं. इचारल्यावर कोनपन लिवील."

दुसऱ्या वर्षीची गोष्ट कुटीची. आमच्याकडे कलमांच्या आळ्यात सुक्या मासळीचं खत घालायची चाल जुनी. हलकी, मोडकी मासळी बंदरावरून गाडीने यायची. ती आली की गावातली मांजरं नातेवाइकांना बोलावणी धाडत. त्या वर्षी सगळ्या गावाची मिळून एक बैलगाडी भरून आली. शांताराम पाखाडीच्या तोंडाशी आडवा. पाखाडी म्हणजे आमची दगडी पायऱ्यांची गल्ली. पोत्यात हात घातला, हुंगला आणि म्हणाला, "किडा पडू नये म्हनून पूड मारलीय ह्यात. औषधाची."

गाडीवान म्हणाला, "सगळेच मारतात की, बाबा."

"सगल्यांकडे ने मग."

त्याने गाडी माघारी लावली. अर्धं गाव त्याच्या नावाने शंख करीत होतं, आणि शंखाचा पहिला आवाज माझा होता. पुढे पंधरा दिवस तो पहाटे उठून बंदरावर जायचा, पूड न मारलेली मासळी निवडून, डोक्यावरून, दोन डोंगर चढून, पाटी पाटीने आणायचा. आपल्या एकट्यासाठी नव्हे, ज्यांनी शिव्या दिल्या त्यांच्यासाठीही. माझ्या बागेची वाटणी त्याने माझ्या मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपीत, स्वतः आणून रचली. मी बघायलासुद्धा गेलो नाही. मला वास सहन होत नाही.

तिसरं वर्ष आलं. शेवटचं. मोहोर असा फुटला, की पानं दिसेनात. आणि मग आभाळ भरलं. दिवसच्या दिवस मळभ, दमट, आणि मोहोरावर तुडतुडा पडला. तुडतुडा म्हणजे गव्हाच्या दाण्याएवढा किडा, पण कलमाखाली उभं राहिलं तर पाऊस पडल्याचा आवाज येत होता. यात अतिशयोक्ती नाही. मोहोर काळा पडू लागला. एक फवारणी मारली तर वाचणार. पण मारली तर तीन वर्षं पाण्यात.

गाव रडकुंडीला आलं होतं. तेव्हा माझ्या डोक्यातून कल्पना निघाली. चोपडीत एक कलम होतं : अपवादात्मक संकटात, अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी असल्यास. मी सभेत म्हटलं, "अधिकारी म्हणजे वरचा. साहेब परदेशात. पण आपला वरचा कोण? ग्रामदेवाच्या वर कोण आहे गावात? लावा कौल!"

तुम्ही हसाल. त्या दिवशी कुणी हसलं नाही. अर्ध्या तासात सगळं गाव देवळात. शांताराम एकदाच माझ्याकडे बघून म्हणाला, "भाऊ, ह्यात देवाला कशाला?" पण गावाने विचारायचं म्हटलं, की गुरवाने लावायचं, ही रीत. त्याने पाकळ्या भिजवल्या, चिकटवल्या. गाऱ्हाणं मी घातलं, असं लांबलचक आणि गोड, की देवाला दुसरं काही सुचू नये. "बा देवा, तुझी लेकरं, एकदाच, फक्त एकदाच..."

डावी पाकळी पडली.

मी शब्द बदलले. फक्त वरच्या फांद्या, म्हटलं. निम्मं औषध, म्हटलं. पुन्हा डावी. इतकी पटकन, की जणू देव वाटच बघत होता.

"झालं," शांताराम म्हणाला आणि ओल्या फडक्याने दगड पुसला. गाव खाली मान घालून घरी गेलं. आणि ऐका, कुणीही फवारलं नाही. एकानेही नाही. मोहोर डोळ्यांदेखत जळत होता आणि माणसं धुराच्या पाट्या घेऊन कलमांखाली फिरत होती. कडुनिंब, गोमूत्र, सुचेल ते.

मी तिसऱ्या दिवशी उजाडताना फवारलं.

पंपवाला परगावचा आणला होता. बागेच्या वरच्या टोकापासून सुरू केलं, गडग्याशी येऊन संपवलं. सोयीची वेळ निवडली होती, सगळे देवपूजेत, चहात. एक गोष्ट मात्र मी, सात पिढ्या ह्याच मातीतला, विसरलो. पहाटे आमच्याकडे मतलई वाहते, डोंगराकडून समुद्राकडे जाणारा वारा. माझी बाग पूर्वेला, शांतारामची पश्चिमेला. फवाऱ्याचं धुकं गडग्यावरून अलगद त्याच्या पहिल्या रांगेत उतरत होतं, आणि उन्हाची पहिली तिरीप त्यात चमकत होती. दिसायला सुंदर होतं.

शांताराम त्याच्या कलमाखाली उभा होता. कधीपासून, देव जाणे. हातात पूजेची फुलं.

मी नुसताच हसलो. काहीतरी बोलणारही होतो. मला सुचत नाही असं कधी होत नाही.

"भाऊ," तो म्हणाला, "मतलई हाय."

एवढंच. आणि तो पूजेला निघून गेला.

दुपारी मीच त्याच्याकडे गेलो. पडवीत बसून लिहीत होता. मी वाकून पाहिलं : "गडग्याकडच्या चार कलमांवर औषध पडले. वारा मतलई." कुणी मारलं ते नाही.

"शांताराम, हे कशाला लिहितोस? चार कलमांवर शिंतोडे उडाले."

"पडलं तं पडलं."

"मग माझं नाव का नाही लिहिलंस?"

त्याने वर पाहिलं. खरोखर आश्चर्य वाटलं असावं त्याला. "तुमचं तुमी लिवाल ना. तुमची वही हाय."

मी घरी आलो. माझी वही काढली. त्या तारखेला लिहिलं : "ढगाळ. धूर केला."

एप्रिलच्या तोंडाला साहेब आला. गोरा, उन्हाने टोमॅटो झालेला, अतिशय सभ्य माणूस. प्रत्येक बागेत जायचा, माती चिमटीत घ्यायचा, मांगराच्या कोपऱ्यात डबे शोधायचा, वही बघायचा. वाचून दाखवायला आणि विचारायला दुभाषी मी. माझी बाग झाली. आंबा बराच धरला होता. साहेबाने आश्चर्याने पाहिलं. मी म्हटलं, देवाची कृपा. पुढची बाग शांतारामची.

शांताराम धुतलेला सदरा घालून उभा होता. वही उघडून पुढे केली, ज्या पानावर ते चार कलमांचं होतं तेच पान. मी दुसरं काहीतरी वाचणार होतो, पण साहेबाने बोट ठेवलं : इथे काय आहे? मी वाचलं. चार कलमांवर औषध पडले.

साहेबाचा चेहरा गंभीर झाला. विचार, म्हणाला, कसं पडलं.

शांतारामने माझ्याकडे बघूनच उत्तर दिलं. "उजाडतानाची येळ. वारा मतलई व्हता. कुठनं आलं ते भाऊ सांगतील, त्यांच्या वहीत आसंल."

आता इथे थोडं थांबून नियम सांगितला पाहिजे. शेजाऱ्याचं औषध उडून पडलं तर ती चार कलमं बाजूला, बाकीची बाग शुद्ध. पण मग शेजाऱ्याची चौकशी. शेजारी मंडळाचा चिटणीस. चिटणीसच खोटा तर कदाचित सगळं मंडळ बाद, सगळं गाव. मी त्या घडीला गावाचा विचार केला, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. सांगण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही.

मी साहेबाला इंग्रजीत म्हटलं, "तो म्हणतो, पहाटेची वेळ होती. त्याला वाईट वाटतंय."

"म्हणजे त्याने फवारलं?"

"हो."

एवढं आखूड वाक्य मी उभ्या आयुष्यात दुसरं बोललो नाही.

साहेब गहिवरला. इतक्या प्रामाणिकपणे स्वतःची चूक लिहून ठेवणारा शेतकरी त्याने पाहिला नव्हता. त्याने शांतारामचा तो लांब हात दोन्ही हातांत घेऊन हलवला. शांताराम लाजून हसला. साहेब पुढे गेल्यावर माझ्या कानाशी लागला, "बरा हाय ओ मानूस. मला वाटलं, चिडंल." आणि जरा थांबून, "तुमी सांगितलंत ते बरं केलंत, भाऊ. चार कलमं गेली तं गेली."

त्याला वाटलं, मी खरं सांगितलं.

महिन्याभराने कागद आला. देवळात सभा. यादी मी वाचली. माझं नाव, सगळ्यांची नावं. शांताराम गुरवाचं नाव शेवटी, रेघ मारून, आणि पुढे कारण. ते मला मंडळाच्या दप्तरात मराठीत उतरवावं लागलं होतं, त्यामुळे माझ्याच अक्षरात : "स्वतः औषध फवारल्याचे कबूल केले."



"मी कदी कबूल केलं, भाऊ?" शांतारामने विचारलं. आवाज चढलेला नव्हता. पत्ता विचारावा तसा.

मी म्हटलं, "अरे, साहेबाचा समज तसा झाला असेल. इंग्रजीत घोळ होतो."

मागे कुजबुज सुरू झाली होती. आणि मग एकाला ते सुचलं, जे सुचणारच होतं. "म्हंजे आमाला दोनदा डावा दिलान, नि आपून गुपचूप फवारलान!"

"पाकल्या कुनी भिजवल्यान व्हत्या? त्यानंच!"

"आमचा मोहोर जलाला, नि ह्यो—"

शांताराम उभा राहिला. गाभाऱ्याकडे नाही, लोकांकडे नाही, माझ्याकडे बघत म्हणाला, "भाऊंना इचारा."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. साठ-सत्तर माणसं. मी म्हणतो शंभर होती, कधी दोनशे. ते जाऊ दे. किती होती याने काही बदलत नाही.

मी म्हटलं, "जाऊ द्या रे. माणूस आहे, चुकतो. आपण त्याला सांभाळून घेऊ."

मी त्याला क्षमा केली. भर देवळात, मोठ्या मनाने. काही म्हाताऱ्या बायांच्या डोळ्यांत पाणी आलं, की भाऊंचं मन किती मोठं.

शांताराम पायरीकडे वळला. माझ्या बागेत काय झालं ते लिहायची वही माझी होती. तो नियम त्याने त्याही वेळी मोडला नाही. पायरीवरच्या वहाणा शोधायला त्याला बराच वेळ लागला.

त्यानंतर कौल लावायला गाव त्याच्या चुलतभावाला बोलवू लागलं. पुढे पूजाही चुलतभावाकडे गेली. कुणी हाकललं नाही. नुसतं बोलावणं बंद झालं. गावात माणूस काढायची हीच पद्धत आहे. त्या चुलतभावाचे कौल लोकांना फार आवडू लागले. उजवे बरेच पडायचे.

माझी बायको त्या सभेला होती. घरी आल्यावर तिने विचारलं, "मांगरात औषधाचा डबा होता तो कुठाय?" मी म्हटलं, कुठला डबा? तिने पुन्हा विचारलं नाही. मला वाटतं, ती अजून उत्तराची वाट बघते आहे.

कंपनीचं म्हणाल तर तिने दोन हंगाम रस नेला. मग निर्यातदाराचं आणि तिचं बिनसलं, नाहीतर तिकडच्या लोकांची आवड बदलली. पत्रं यायची थांबली. गाव पुन्हा पंप घेऊन बागेत शिरलं. मंडळाचं दप्तर माझ्या माडीवर, आंब्याच्या पेट्यांखाली.

शांताराम मात्र फवारत नव्हता. गडग्याकडची ती चार कलमं त्याने स्वतःच्या हाताने तोडली, पट्टा मोकळा केला. फळाला आलेली कलमं कोकणात कुणी तोडत नाही. पोरगं गेल्यावर जसं लोक येऊन बसतात तसे त्या दिवशी दोघं-तिघं म्हातारे त्याच्याकडे येऊन बसले होते, जे एरवी त्याच्याशी बोलत नव्हते. मी माडीवरून पाहत होतो. कुऱ्हाडीच्या प्रत्येक घावाला मी काहीतरी काम काढून दुसऱ्या खिडकीला जायचो. त्या खिडकीतूनही तेच दिसायचं.

तीन वर्षं अशी गेली. मग एका दुपारी, मोहोराचा हंगाम सरल्यावर, तो माझ्या दारात आला. त्या सभेनंतर पहिल्यांदा. ओटीवर ये म्हटलं तर आला नाही, पायरीवर बसला. वही प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेली.

"तीन वर्सं झाली, भाऊ."

मी म्हटलं, "शांताराम, कंपनी केव्हाच गेली रे."

"ठाव हाय. कंपनीला नाय दाखवायची." त्याने वही पायरीवर ठेवली. "नाव तुमच्या अक्षरात काटलंत. तुमच्या अक्षरात लिवा."

मी माडीवर गेलो, पेट्या सारल्या, दप्तर आणलं. त्याची वही चाळली. रोजची नोंद. आजारी होता त्या दिवसांचीही, "आजारी. बागेत गेलो नाही." कुणी तपासणार नव्हतं. मी पेन काढलं आणि यादीच्या खाली, स्वच्छ अक्षरात लिहिलं : शांताराम गुरव. तारीख घातली. सही केली.  ती बरी आली.

त्याने दप्तर मांडीवर घेतलं. नवं नाव वाचलं. मग तो लांबसडक हात वर सरकला आणि बोट जुन्या ओळीवर थांबलं.

"आनि ह्ये?"

स्वतः औषध फवारल्याचे कबूल केले.

बायको दारात येऊन उभी राहिली होती. फक्त एक रेघ मारायची होती. पण रेघ मारली की शेजारी लिहायला लागणार, की मग कुणी फवारलं. तिथे तिघंच होतो आणि तिघांनाही ठाऊक होतं.

"ते जुनं आहे," मी म्हटलं. "दप्तर आहे, शांताराम. दप्तरातलं असं खोडता येत नाही."

त्याचं बोट त्या ओळीवरच होतं. घाई नव्हती त्याला. मी पेनाला टोपण लावलं.

"बरं," तो म्हणाला. दप्तर मिटून माझ्या हातात दिलं, दोन्ही हातांनी, आणि उठला.

बायको पुढे झाली. "शांतारामभावजी, चहा टाकलाय. घोटभर घ्या. बसा."

"नको वैनी," तो म्हणाला. "नैवेद्य ऱ्हायलाय दावायचा."

नैवेद्य कधीचाच चुलतभाऊ दाखवत होता. शांताराम खोटं बोलताना मी तेवढं एकदाच ऐकलं. आणि तेही ह्या घरचा चहा तिच्या तोंडावर नाकारायला नको म्हणून. त्याच पावसाळ्यात तो मुलाकडे मुंबईला गेला आणि तिकडेच वारला.

त्या दुपारी मी ओटीवरून बघत राहिलो. ऊन रणरणत होतं, पाखाडीत चिटपाखरू नव्हतं. काखेत वही धरून तो एकेक पायरी उतरत गेला. खाली वाट फुटते, तिथून त्याचं घर हाकेच्या अंतरावर. तिथे तो उभा राहिला, बराच वेळ. मग घराकडे पाठ करून देवळाच्या वाटेला लागला. बोलून गेला होता ना, तेव्हा जाणं भाग होतं.